बालवाडीच्या केंद्रावरची तीन मतं

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार
आज हेर, म्हणजे मिस्टर, क्युमर्ले घरी येऊन गेले. आमच्या या जर्मन गावातलं टाइल्सचं दुकान त्यांचं. नगरपरिषदेत ते इतकी वर्षं बसलेत, की त्यांच्या खुर्चीला त्यांचा आकार आला असेल. 'बुर्गरलिस्टे' म्हणजे नागरिकांची यादी, या इथल्या स्थानिक आघाडीचे ते प्रमुख. बूट दाराबाहेर काढले, नंदिनीने केलेले पोहे मागून घेऊन खाल्ले आणि म्हणाले, "जूनमध्ये निवडणूक आहे, हेर योगलेकर. आमच्या यादीत तुमच्यासारखा माणूस हवा."

"माझ्यासारखा म्हणजे?" मी नम्रपणे विचारलं. गिअरबॉक्समधला अनुभव, शिस्त, गेल्या वर्षी मिळवलेलं नागरिकत्व, असं काही ते म्हणतील अशी माझी अपेक्षा होती.

"आल्झो," ते जरा विचार करून म्हणाले, "यादी थोडी 'बुंट' दिसायला हवी."

बुंट म्हणजे रंगीबेरंगी. व्यक्तिमत्त्वाला अनेक पैलू असणं, असा त्याचा व्यापक अर्थ घ्यायचा. मी होकार दिला.

ते गेल्यावर नंदिनी बशा उचलता उचलता म्हणाली, "सतरा नावं जमली असतील. अठरावं मिळत नसेल."

बायकोला नवऱ्याच्या कर्तृत्वाचं एवढं आश्चर्य वाटणं बरं नव्हे.

१० मार्च, रविवार
क्रीडा क्लबच्या बिअरच्या हॉलमध्ये यादी जाहीर झाली. नगरपरिषदेच्या जागा अठरा, यादीत नावं अठरा, मी अठरावा. क्युमर्ले खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेवटची जागा मानाची. लोक वरचं नाव वाचतात आणि खालचं. मधले हरवतात." मधल्यांची मला कीव आली.

नावाचा मात्र घोळ आहे. इथे 'ज'चा उच्चार 'य' होतो, त्यामुळे मी, जोगळेकर, सगळीकडे 'हेर योगलेकर'. त्यातही 'लेकर' म्हणजे जर्मनमध्ये चविष्ट. एका आजीबाईंनी विचारलं, "योगाचा वर्ग कधी असतो?" मी नाही म्हटलं नाही. मत ते मत.

पुण्याला आईला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे नगरसेवकच की! गाडी देतात का रे?" नाही देत म्हटलं. "मग शिपाई?" तेही नाही म्हटल्यावर ती थोडी थंडावली, पण सोसायटीत बातमी तिने संध्याकाळच्या आत पोचवली. खालच्या मजल्यावरच्या लेल्यांचा अभिनंदनाचा मेसेज आला, हारासकट.

१४ एप्रिल, रविवार
जाहीरनामा छापून आला. नवव्या पानावर शेवटून दुसरा मुद्दा: शाळेखालचा पोहण्याचा तलाव बंद करून तिथे वाहनतळ. तलाव जुना आहे, छत गळतं, पंप कुरकुरतो. इंजिनियर म्हणून मला ते पटतं. शिवाय बाजारात गाड्या लावायला जागा नाही, विशेषतः क्युमर्लेंच्या दुकानासमोर.

अडचण एवढीच, की नंदिनी त्या तलावात पोहायला शिकली. इथे आलो तेव्हा तिला पाण्याची भीती होती. फ्राउ रोमेच, आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, तिला हाताला धरून पाण्यात घेऊन गेल्या. आता ती स्वतःच मंगळवारी उशिरा शिकणाऱ्या बायकांना शिकवते. त्यात दोघी तुर्की, एक युक्रेनियन आणि बाकी इथल्याच स्वाबियन म्हाताऱ्या. मी त्याला गमतीने 'जलमंडळ' म्हणतो.

जाहीरनामा वाचून ती म्हणाली, "याच्यावर तुझंही नाव आहे."

"पक्षाची भूमिका आहे. माझी व्यक्तिगत भूमिका वेगळी असू शकते."

"काय आहे तुझी व्यक्तिगत भूमिका?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. अजून विचार चालू आहे.

४ मे, शनिवार
बेकरीसमोर आमचा प्रचाराचा स्टॉल. क्युमर्लेंनी सुचवलं होतं, "घरून सामोसे आणा. तुमची ओळख होईल." नंदिनीला सांगितलं. ती म्हणाली, "तलाव बुजवणाऱ्यांना माझ्या हातचे सामोसे?" शेवटी स्टुटगार्टहून गोठवलेले आणून ओव्हनमध्ये फुलवले. आतून ते थंड राहिले, असं मला नंतर कळलं.

आमच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, जलमंडळाचं टेबल. तलाव वाचवा म्हणून सह्या गोळा करत होत्या. नंदिनी मधोमध, डोक्याला पोहायची निळी टोपी. अख्खं गाव तिकडे. माझ्याकडेही बरेच लोक आले हे नमूद केलं पाहिजे. त्यातल्या बहुतेकांनी "सह्यांचं टेबल कुठलं?" असं विचारलं आणि मी हात करून दाखवलं. लोकसंपर्क म्हणतात तो हाच.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या छातीवरचा नावाचा बिल्ला चष्मा वर करून वाचला, "योगलेकर! गेनाऊ!", म्हणजे 'अगदी बरोबर!', असं म्हणाले आणि जोरात हात मिळवला. नाव पोचतंय.

१८ मे, शनिवार
स्टुटगार्टच्या मराठी मंडळात माझं व्याख्यान झालं: 'जर्मन लोकशाही आणि आपण'. मतदानाची पद्धत समजावून सांगितली. प्रत्येकाला अठरा मतं. ती वेगवेगळ्या याद्यांमधल्या उमेदवारांना वाटता येतात, आणि आवडत्या माणसाला एकट्याला तीनपर्यंत देता येतात. लोक अवाक् झाले. टाळ्या खूप वेळ चालल्या. पुरणपोळी झाल्यावर हृषिकेश कानिटकर म्हणाला, "गुरू, आमची सगळी मतं तुला."

तो राहतो बोब्लिंगेनला, पासपोर्ट भारतीय. सभागृहातल्या इतरांचंही कमीअधिक तसंच. पण पाठिंबा मोलाचा.

२६ मे, रविवार
काल व्यायामशाळेत सर्व उमेदवारांची जाहीर सभा झाली. क्युमर्लेंनी ऐन वेळी सांगितलं, तलावाचा मुद्दा तुम्ही मांडा. "तुम्ही इंजिनियर आहात, वडील आहात, आणि तुमच्यावर कुणी ओरडणार नाही." केवढा विश्वास!

मी स्लाइड्स दाखवल्या. गळतीचं चित्र, पंपाचा आलेख, वाहनतळाचा हिरवागार नकाशा. जर्मन इतकं अस्खलित झालं, की माझं मलाच कौतुक वाटलं. मग मागून एक बाई उठल्या: "हेर योगलेकर, तुमच्या बायकोचं यावर काय मत आहे?"

सभागृह हसलं. मीही हसलो, खेळीमेळीने. म्हणालो, "घरात लोकशाही आहे, पण अध्यक्ष मी आहे." क्युमर्लेंनी टाळी वाजवली. नंदिनी तिसऱ्या रांगेत होती. ती हसली नाही.

परतताना स्पृहा माझ्यापासून चार पावलं पुढे चालत होती. ती सोळा वर्षांची; इथे त्या वयात मत देता येतं, म्हणून यंदा पहिल्यांदा देणार. ती वळून म्हणाली, "पापा, दास वार सो पाइनलिश." म्हणजे लाज वाटली. या वयात मुलांना आईवडिलांच्या प्रत्येक गोष्टीची लाज वाटते.

८ जून, शनिवार
इथे नगरपरिषदेच्या मतपत्रिका आधीच घरी पाठवतात. हवं तर शांतपणे बसून भरा, उद्या केंद्रावर नेऊन पेटीत टाका. मी जेवणाच्या टेबलावर भरली. उत्तम शाईपेन घेतलं, वर कोपऱ्यात बारीकसं 'श्री' लिहिलं. कुठलाही महत्त्वाचा कागद मी त्याशिवाय सुरू करत नाही, दहावीच्या पेपरापासून. मग माझ्या नावापुढे ठसठशीत ३. क्युमर्लेंनाही तीन, बाकीची इतरांत वाटली.

नंदिनीने आपली पत्रिका स्वयंपाकघरात ओट्यावर भरली. स्पृहाने खोलीचं दार लावून. "काही शंका असेल तर विचारा," मी मोठ्याने म्हटलं. दोन्हीकडून उत्तर आलं नाही. म्हणजे व्याख्यानाचा उपयोग झाला.

९ जून, रविवार
मतदान केलं. आमचं केंद्र बालवाडीत. गुडघ्याएवढ्या खुर्च्या, भिंतीवर कागदाची गोगलगाय. मतदान अधिकाऱ्यांत फ्राउ रोमेच. "गुटन टाग, हेर जोगळेकर." माझं नाव त्या बरोबर उच्चारतात. तिघांनीही पेटीत पत्रिका टाकल्या. फोटो काढायला परवानगी नव्हती.

१० जून, सोमवार
पडलो.

संध्याकाळी आकडे वेबसाइटवर आले. बुर्गरलिस्टेच्या दोन जागा गेल्या. क्युमर्ले आले, अर्थात. यादीत मी शेवटचाच राहिलो. सुरुवातही तिथेच होती, म्हणजे घसरण नाही.

पण केंद्रवार निकाल बघायला नको होता. काही लोक आख्खी यादी न वाचता तशीच पेटीत टाकतात, त्यांचं एकेक मत यादीतल्या सगळ्यांनाच पडतं. ते मत माझं नव्हे, कागदाचं. ती वजा केली, तर आमच्या बालवाडीच्या केंद्रावर मला माणसाने माणूस म्हणून दिलेली मतं: तीन.

तीन मी स्वतःच दिली होती.

आईचा फोन. "किती मतांनी पडलास?" मी म्हटलं, इथे पद्धत वेगळी आहे, आई. ती म्हणाली, "पडायची पद्धत सगळीकडे एकच असते. लेल्यांना काय सांगू?"

११ जून, मंगळवार
जेवताना विषय काढला. शांतपणे काढणार होतो. "या घरात तीन मतदार आहेत. प्रत्येकी तीन, म्हणजे नऊ. आली तीन. मला फक्त आकडेमोड समजून घ्यायची आहे."

नंदिनीने वरण वाढायचा डाव खाली ठेवला. "मी दिलं नाही तुला. एकही नाही. आज विचारतोयस म्हणून सांगते. पण महिनाभर मी तुझ्यासमोर रस्त्यावर टेबल लावून सांगतच होते."

"अगं, पण नवरा—"

"त्या तलावात मी पहिल्यांदा पाय सोडले, तेव्हा तू चीनला होतास, कसल्या ऑडिटला. मी रडत घरी फोन केला होता, की मला तरंगता येतंय. तू म्हणालास, मीटिंगमध्ये आहे. ठीक आहे, तेव्हा होतास. पण परवा सगळ्या गावासमोर तू स्लाइडवर त्याच्यावर गाड्या लावल्यास, आणि वर अध्यक्ष!"

मी स्पृहाकडे पाहिलं. "इश आउख निश्ट," ती म्हणाली. मीही नाही. मग मराठीत, चाचरत, जे ती क्वचितच करते: "बाबा, मला तू आवडतोस. पण तू चुकीचं बोलत होतास."

मी ताट उचलून बैठकीच्या खोलीत जाऊन जेवलो. वरण घ्यायचं राहिलं.

१३ जून, गुरुवार
आज जिना धुण्याची आमची पाळी. मी धूत होतो. घरात दोन दिवस कुणी माझ्याशी बोलत नाही, किंवा मी त्यांच्याशी, नक्की सांगता येत नाही. फ्राउ रोमेच भाजीची पिशवी घेऊन वर आल्या, ओल्या पायरीशी थांबल्या.

"हेर जोगळेकर, एक विचारू? मोजणी सर्वांसमोर होते, म्हणून बोलायला हरकत नाही. एका पत्रिकेवर वर कोपऱ्यात एक चिन्ह होतं." त्यांनी बोट माझ्या बादलीत बुडवलं आणि भिंतीच्या फरशीवर काढलं. उलटसुलट, वेलांटी भलतीकडे, पण 'श्री'च.

"आमचा बराच खल झाला. शिवी आहे का?"

"नाही, नाही!" मी म्हटलं. "ते... शुभ असतं. आणि नावापुढे लावलं तर त्याचा अर्थ 'हेर'."

"अच्छा. म्हणजे कुणीतरी वर नुसतंच 'हेर' लिहिलं." त्या विचारात पडल्या. "काहीही असो, पत्रिकेवरून मतदार ओळखू येईल अशी खूण चालत नाही. आणि आमच्या केंद्रावर हे लिहू शकणारी माणसं फार नाहीत. आख्खी पत्रिका बाद करावी लागली." पिशवी उचलताना त्या हळूच म्हणाल्या, "वाईट वाटलं. तुम्हाला तीन मतं होती त्यात."

मी बराच वेळ फडकं पिळत उभा होतो. चाळीस लोकांना लोकशाही शिकवली आणि स्वतःचं मत देवाला वाहून आलो.

आणि मग, अर्धा जिना झाल्यावर, डोक्यात प्रकाश पडला. माझी मतं बाद. नंदिनीची नाहीत. स्पृहाची नाहीत. मग ती तीन मतं कुणाची? या केंद्रावर कुणीतरी असं आहे, ज्याने कुठलंही नातं नसताना, कुणीही न सांगता, अठरा नावांतून माझं नाव शोधलं आणि पुढे तीन लिहिलं!

उरलेला जिना मी शिट्टी वाजवत धुतला.

१५ जून, शनिवार
सकाळपासून गावात चार फेऱ्या मारल्या. बेकरी, कचऱ्याचं आगार, औषधाचं दुकान. सर्वांना नमस्कार केला, चेहरे न्याहाळले. बेकरीतली मुलगी रोजच्यापेक्षा जास्त हसली असं वाटलं. तिचं वय विचारणं बरं दिसलं नसतं.

नंदिनीला अजून सांगितलेलं नाही. तो माणूस सापडला, की त्याला घरी कॉफीला बोलवायचं आणि तिच्यासमोर बसवायचं.

१६ जून, रविवार
सापडला.

मागच्या गल्लीतले हेर फाइगले. बेकरीसमोर माझा बिल्ला वाचून हात मिळवणारे तेच म्हातारे. कुंपणापाशी गुलाबाच्या काड्या छाटत होते. मला पाहून कात्री खाली ठेवली. "हेर योगलेकर! निकालाचं वाईट वाटलं. मी तर पूर्ण तीन दिली होती."

मी कुंपणावरून त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "हेर फाइगले," मी म्हटलं, "तुम्हाला माझ्यात काय दिसलं?"

"तुमच्यात?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मी तुमच्या पत्नीला दिली. माझी हेडविग तिच्याकडे मंगळवारी जाते. पंचाहत्तर वर्षं पाण्याला घाबरली, आता आंघोळीलासुद्धा गाणी म्हणते. पत्रिकेत शोधलं, एकच योगलेकर होतं. पहिलं नाव ते लांबलचक. मला वाटलं, तुमच्याकडे बायकांचं असेल." मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं. "थांबा. मग वाहनतळवाले ते तुम्ही?"

मी हो म्हणालो.

"आख, हेर गॉट," म्हणजे 'अरे देवा', असं ते म्हणाले आणि पुन्हा काड्या छाटू लागले.

१७ जून, सोमवार
सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण असली गोष्ट पोटात ठेवून ऑफिसला जाणं जड जातं. संध्याकाळी नंदिनी पोहून आली, केस ओले, टॉवेल बाल्कनीत वाळत घालत होती. मी दारात उभं राहून सगळं सांगितलं. 'श्री'चं आणि फाइगलेंचं.

तिचे खांदे हलायला लागले. टॉवेल तोंडाशी धरून ती बाल्कनीच्या फरशीवर बसली आणि इतकी हसली, की स्पृहा धावत आली. तिला सांगताना पुन्हा पहिल्यापासून. दोघी हसत होत्या आणि मी उभा होतो. मग मीही बसलो. फरशी ओली होती.

डोळे पुसत नंदिनी म्हणाली, "म्हणजे गुरू, तुझ्या वॉर्डात तुझ्यापेक्षा मी तीन मतांनी पुढे. उभी न राहता."

"तुझं नाव असतं तर निवडून आली असतीस," मी म्हटलं. टोमणा म्हणून म्हणायला गेलो होतो. तोंडातून बाहेर येईपर्यंत ते नुसतंच खरं झालं होतं.

मग म्हटलं, "त्या दिवशी मीटिंग नव्हती. विमानतळावर कॉफी पीत होतो. तू रडत होतीस आणि मला काय बोलायचं कळलं नाही."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मागे विमानाच्या घोषणा चालल्या होत्या." आणि टॉवेल झटकला.

१६ जुलै, मंगळवार
नव्या नगरपरिषदेची बैठक. सुरुवातीला नागरिकांना प्रश्न विचारायची मुभा असते. नंदिनी उठली. मागे जलमंडळ आख्खं, फ्राउ रोमेच, हेडविग फाइगलेसुद्धा. मी भिंतीपाशी उभा होतो, कारण खुर्च्या संपल्या होत्या, आणि सगळ्यांच्या छत्र्या माझ्या हातात होत्या.

ती कागद न घेता बोलली. आपण पाण्याला किती घाबरायचो ते सांगितलं. मंगळवारच्या बायका कुठून कुठून आल्या ते सांगितलं. मग सरळ क्युमर्लेंना विचारलं, "तुम्हाला पोहायला कुणी शिकवलं?" क्युमर्ले गोंधळले, लाल झाले आणि म्हणाले, "इथेच. शाळेखाली." सभागृह हसलं. बुर्गरलिस्टेचं बहुमत जूनमध्येच गेलं होतं. तलाव बंद करायचा ठराव पुढे ढकलला, दुरुस्तीचा अंदाज मागवला. जिंकणं नव्हे अजून, पण पाणी आहे.

बाहेर क्युमर्लेंनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, सांत्वन करणार. "हेर जोगळेकर," ते म्हणाले, आज पहिल्यांदा 'ज' नीट म्हणत, "पुढच्या वेळी तुमच्या पत्नी आमच्या यादीत येतील का? वरच्या पाचांत. तुम्ही जरा समजावून सांगा ना."

"त्या तिथे उभ्या आहेत," मी म्हटलं. "त्यांनाच विचारा. नाहीच म्हणतील."

छत्र्या ज्याच्या त्याला परत केल्या. एक कुणाचीच निघाली नाही, ती घरी आणली.

येताना चढावर नंदिनीने विचारलं, "कसं झालं रे माझं?"

"छान झालं," मी म्हटलं.

शेवटच्या वाक्यात क्रियापद चुकलं होतं, आवाज सुरुवातीला थोडा वर हवा होता आणि पंपाचा मुद्दा तिने घ्यायलाच हवा होता. तिला सांगितलं नाही. स्पृहाने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, आणि आज घरापर्यंत माझ्या बरोबरीने चालली.